तिसऱ्या मजल्यावरचा राखाडी ठिपका

सोमवार, २

डायरी गेल्या वर्षीची आहे. वहिनींना त्यांच्या कंपनीकडून मिळाली होती, कोरीच राहिली. छापलेला वार आणि आजचा वार जुळत नाही, म्हणून जुना खोडून वर नवा लिहितोय. सुरुवातच खाडाखोडीने, पुढे काय होणार देव जाणे.

आज वहिनींच्याच कंपनीत कामाला लागलो. नऊ मजली विमा कंपनी. काम असं की अख्ख्या इमारतीच्या नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायचं आणि नीट चालू करून द्यायचं. जमलं तर महिन्याअखेर कायम करतील. वहिनींनी माझ्यासाठी मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला होता, नाहीतर मला कोण विचारतंय!

दादा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "म्हणजे तू नक्की करणार काय, ते सांग."

मी सांगितलं, प्रत्येक टेबलाखाली भिंतीत एक पॉइंट असतो, त्यात संगणकाची तार जाते. त्या तारेतून किती माहिती येते-जाते ते हे सॉफ्टवेअर मोजतं. दर पाच मिनिटांनी प्रत्येक पॉइंटची विचारपूस करतं आणि नकाशावर ठिपका दाखवतं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बोंब, राखाडी म्हणजे बाकीच्यांच्या मानाने तिथे हालचालच नाही.

"माझ्या कमरेची विचारपूस कर म्हणावं," दादा म्हणाला. "लालच दाखवेल."

ऑपरेशन झाल्यापासून दादाचं काम बंद आहे. घर वहिनींच्या पगारावर चाललंय. मी गेलं वर्षभर इकडेतिकडे चार-चार दिवसांची कामं करतोय, त्याला कमाई म्हणायचं तर म्हणा. आता हे काम हातचं घालवायचं नाही, बस्स.

मंगळवार, ३

मोठ्या साहेबांना भेटलो. प्रशासन सगळं त्यांच्याकडे. खोली ऐसपैस, खुर्चीला चाकं, टेबलावर एक कागद नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"त्या ठिपक्यांवर माणसांची नावं येतात का हो?"

मी म्हटलं, छे! ठिपका पॉइंटचा, माणसाचा नाही. त्यावर नुसता मजला आणि नंबर. कुठला नंबर कुठल्या टेबलाखाली आहे, ते तुमच्या माणसाकडे असेलच.

"असेल, असेल," म्हणाले आणि खूश झाले. मग विचारलं, "आणि माझी खोली? तीही दिसणार?"

"दिसणार की! त्याला साहेब काय नि शिपाई काय, सगळे सारखेच."

यावर त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. माझं बोलणं फार फटकळ होतं का? विचारायला हवं वहिनींना.

गुरुवार, ५

त्यांचा नेटवर्क सांभाळणारा माणूस मला जोडीला दिलाय. चेहरा तुळतुळीत, बोलणं त्याहून. मी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळीत ठेवलंय. कशालाही "हो हो, होऊन जाईल" म्हणतो आणि होत काहीच नाही. सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात, त्या स्विचचे पासवर्ड मागता मागता माझ्या तोंडाला फेस आला.

पण दुपारी एकदाचं सुरू झालं! पहिल्यांदा नकाशा उमटला, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मजल्यामागून मजला, ठिपक्यांच्या रांगा. आता पुढचे दोन आठवडे सॉफ्टवेअर नुसतं शिकणार. कुठल्या पॉइंटवर रोज साधारण किती वाहतं, ते बघून ठेवणार आणि मग त्याहून वेगळं काही दिसलं की ओरडणार. हे शिकण्याचे दिवस फार महत्त्वाचे. इमारतीने रोजच्यासारखं वागायचं, एवढीच अट.

शुक्रवार, ६

जेवताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आमच्या मजल्यावर सगळे तुमच्या नावाने खडे फोडतायत."

"का? मी काय केलं?"

"म्हणतात, कोण किती काम करतं हे बघायला माणूस आणलाय. जो कमी दिसेल त्याला घरी बसवणार."

मला इतका राग आला! तावातावाने सांगितलं, वहिनी, ते तारा बघतं, माणसं नाही. तुमचा नि त्याचा काडीचा संबंध नाही. डॉक्टर नाडी बघतो, म्हणजे काय पगार बघतो?

"बरं बाई, कळलं," त्या म्हणाल्या. "कोशिंबीर घ्या."

अडाणीपणा म्हणतात तो हाच. शिकलेली माणसं आहेत सगळी, आणि डोक्यात काय भरून घेतात!

मंगळवार, १०

काहीतरी भलतंच चाललंय.

विमा कंपनी म्हणजे अर्ज, सह्या, पत्रं. तारांवर जेमतेम वर्दळ असायला हवी. इथे तिसऱ्या मजल्यावर सकाळी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत एकसारखी धो धो वर्दळ. कमी नाही, जास्त नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तेवढीच! माणसं खाली डबे खातायत आणि तारा वर राबतायत. दुपारनंतर दुसरा मजलाही तसाच.

मी गुळगुळीतला विचारलं. "हो हो, काम वाढलंय हल्ली," म्हणाला.

कसलं काम? कुणाचं काम? मी डोकं धरून बसलो. बसवण्यातच माझी काही चूक झाली असेल का? सगळी जुळणी परत तपासली. चूक नाही. म्हणजे अशी चूक आहे जी मला दिसत नाही, आणि ती तर सगळ्यात वाईट.

शुक्रवार, १३

आता पाचवा मजलाही धो धो. मला वाटायला लागलंय, हा एखादा व्हायरस असावा. मजल्यामजल्याने चढतोय.

वहिनी आज पुन्हा म्हणाल्या, "भावोजी, एक विचारू? आमच्याकडे सगळ्यांनी संगणकावर काहीतरी लावून ठेवलंय. दिवसभर चालू असतं. मलाही म्हणाले, तू पण लाव, बरं असतं. लावू का?"

माझं लक्ष व्हायरसमध्ये. म्हटलं, "वहिनी, वाट्टेल ते लावू नका. आधीच माझ्या नाकी नऊ आलेत. तुम्ही तुमचं काम करा, बाकी काही मनावर घेऊ नका."

"नक्की ना?"

"शंभर टक्के. माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास नसता तर शब्द कशाला टाकला असता?" म्हणाल्या आणि दादाची औषधं काढायला गेल्या.

वहिनींचं काम तसं फोनवरचं. कुणी घरातलं गेलं की लोक विम्याच्या पैशांसाठी फोन करतात, ते सगळे फोन वहिनींकडे येतात. रडणारे, भांडणारे, काहीच न बोलणारे. संगणकावर शेवटी दोन ओळी टाकायच्या, की झालं. बाकी दिवसभर नुसतं ऐकायचं. मी एक तास ऐकू शकणार नाही.

मंगळवार, १७

व्हायरस नाही. तपासणारं सगळं लावून पाहिलं. मग आहे काय?

साहेबांना सांगायला गेलो, की हे आकडे मला पटत नाहीत, शिकण्याचे दिवस वाढवू या. ते म्हणाले, "आकडे उत्तम आहेत. कर्मचारी मन लावून काम करतायत, याचा तुम्हाला त्रास काय?" परवा संचालक मंडळापुढे नकाशा ठेवायचा आहे म्हणे, त्यांना घाई आहे.

त्यांच्या खोलीत कुठेतरी नळ वाहत होता. मी सांगितलं, साहेब, आत नळ चालू राहिलाय वाटतं. "हो का? बघतो," म्हणाले, पण उठले नाहीत.

गुरुवार, १९

शिकणं संपलं. नकाशा झाडून हिरवा! मोजके राखाडी ठिपके सोडले, तर बगिचाच जणू. मंडळाने टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. ज्या आकड्यांचा मला अर्थ लागत नाही, त्यांच्यावर लोक टाळ्या वाजवतायत.

नंतर साहेबांनी बाजूला घेतलं. "ते राखाडी पॉइंट वापरात नाहीत ना? मग बंद करून टाका. उघडे कशाला ठेवायचे? उद्या कोणीही येऊन त्यात तार खुपसेल."

हे मात्र मला शंभर टक्के पटलं. न वापरलेले पॉइंट बंद ठेवावेत, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मला वाटलं होतं तेवढं साहेबांना कमी कळत नाही.

शुक्रवार, २०

सकाळी खाली सर्व्हरच्या खोलीत बसून राखाडी पॉइंट एकेक करून बंद केले. तळमजल्यावरचं कोठार, सभागृहाची मागची भिंत, सहाव्या मजल्यावरची रिकामी केबिन, तिसऱ्या मजल्यावरचा सतरा नंबर, आठव्यावर एक. क्लिक, क्लिक, क्लिक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं काम केलं ज्याचा अर्थ मला कळत होता. फार बरं वाटलं.

संध्याकाळी वहिनी घरी आल्या त्या दमलेल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, "भावोजी, माझा संगणक आज चालेना हो. नेट नाही म्हणतोय. सोमवारी जरा बघाल का?"

म्हटलं, तार सैल झाली असेल. बघतो.

दादाने लगेच टोमणा मारला, "घरचा वैद्य आणि घरातच दुखणं!"

सोमवार, २३

वहिनींच्या टेबलाखाली शिरलो. धूळ, चप्पल अडकली, डोकं आपटलं. तार घट्ट होती. मग पॉइंटवरची पट्टी पुसली.

तीन, सतरा.

मी तसाच टेबलाखाली बसून राहिलो. वर वहिनी फोनवर बोलत होत्या. "हो ताई, मी आहे. नका घाई करू. रडून घ्या आधी, मी फोन ठेवत नाहीये." माझ्या डोक्यात एकच, की हे कसं शक्य आहे? ही बाई सकाळपासून पाणी प्यायला उठलेली नाही, आणि माझं सॉफ्टवेअर म्हणतंय इथे कोणी नाही.

खाली धावत जाऊन पॉइंट चालू केला. गुळगुळीत मागे येऊन उभा. "अहो, तो नका उघडू. साहेबांनी आजच सांगितलंय. सतराचं टेबल जातंय."

"जातंय म्हणजे?"

"म्हणजे जागा जादा ठरली. महिनाअखेरपर्यंत. मीच काढून दिलं ना त्यांना, कुठला नंबर कुणाचा ते. बाकीचे राखाडी कोठार नि रिकाम्या केबिनी निघाल्या. जिवंत माणूस हा एकच." आणि मग हळूच, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मंगळवार, २४

साहेबांपुढे उभा राहिलो. म्हटलं, त्या फोनवर काम करतात. फोनची यंत्रणा जुनी, तिच्या तारा वेगळ्या, आमच्या सॉफ्टवेअरला त्या दिसतच नाहीत.

"जे दिसत नाही, ते मी मंडळाला कसं दाखवू?" साहेब म्हणाले. "शेजारची माणसं तेच काम करतात. त्यांचे ठिपके हिरवे. तुमचंच यंत्र सांगतंय."

हेच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. शेजारची माणसंही फोनच घेतात. मग त्यांच्या तारा धो धो आणि वहिनींचीच कोरडी, ते का?

तिसऱ्या मजल्यावर गेलो. टेबलांच्या पुढून नाही, मागून गेलो. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी. खिडकीत धबधबा. हिरवा डोंगर आणि पांढरं पाणी. पुढच्या टेबलावर तोच धबधबा. त्याच्या पुढच्यावर तोच. आवाज बंद, पाणी चालू. अख्ख्या मजल्यावर पाणी कोसळत होतं आणि माणसं मान खाली घालून फोनवर बोलत होती.

एकाला विचारलं, हे काय आहे? तो ओशाळला. "दहा तासांचा आहे. एकदा लावला की संध्याकाळपर्यंत बघावं लागत नाही. तुमच्या त्या ठिपक्यासाठी लावतो. आधी कोणी शोधून काढलं माहीत नाही, आता सगळेच लावतात."

म्हणजे माझं सॉफ्टवेअर दोन आठवडे बसून धबधबा शिकलं. धबधबा म्हणजे काम आणि दोन ओळी म्हणजे काहीच नाही, असं शिकलं. आणि अख्ख्या इमारतीत ज्या एका माणसाने तो लावला नाही, त्याला मी माझ्या हाताने बंद केलं.

वहिनींच्या पडद्यावर काही नव्हतं. नुसती दोन ओळींची नोंद, अर्धी लिहिलेली.

"वहिनी, तुम्ही का नाही लावलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "तुम्हीच म्हणाला होतात ना भावोजी, शंभर टक्के."

बुधवार, २५

काल घरी सगळं सांगितलं. दादाने भिंतीकडे तोंड केलं होतं. त्याला कूस बदलायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे.

आज सकाळी वहिनींना म्हटलं, मी साहेबांना सगळं सांगतो. धबधब्याचं.

त्या एकदम कडाडल्या. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "खबरदार! काय सांगणार? की बाकीचे सगळे खोटे? मग सगळे राखाडी होतील, आणि मी तेवढी उरणार? शेजारच्या टेबलावरच्या बाईचा नवरा गेलाय, दोन पोरी आहेत पदरात. तिला घालवून मला ठेवणार तुम्ही?"

"मग मी करू काय?"

"ते मला काय विचारता! यंत्र तुमचं."

गंमत म्हणजे हेच साहेबही म्हणाले होते. यंत्र माझं. मग मला त्यातलं काहीच का कळत नाही? खरं बोलावं तर तिसरा मजला घरी, गप्प बसावं तर आम्ही घरी. दिवसभर खालच्या खोलीत पंख्यांचा आवाज ऐकत बसलो. पंख्यांवरचे दिवेही हिरवेच होते.

गुरुवार, २६

केलं एकदाचं. बरोबर की चूक, माहीत नाही.

साहेबांना म्हटलं, "मला कामातली चूक सापडली. बसवण्यातच गडबड झाली, माझ्याकडून. शिकण्याचे दिवस वाया गेले. राखाडी असो की हिरवा, त्या नकाशातला एकही ठिपका धरून चालू नका. त्यावर कुणाची जागा ठरवाल, तर उद्या ते तुमच्यावर शेकेल."

साहेब लालबुंद. "मंडळाने टाळ्या वाजवल्यात त्या नकाशावर! मी आता काय सांगू? काही नाही, दुरुस्त करा. दोन दिवसांत."

मी खरं तेच सांगितलं, की दोन दिवसांत करायचं तर एकच मार्ग आहे. प्रत्येक पॉइंटवर नक्की काय वाहतंय ते उघडून बघावं लागेल. एकेक संगणक. तळमजल्यापासून सुरू करून नवव्यापर्यंत. "तुमची खोलीही आलीच त्यात, साहेब. हवं तर तिथूनच सुरू करू? तुमचा ठिपका सगळ्यात हिरवा आहे."

साहेब एकदम थांबले. खोलीत परत तो नळाचा आवाज येत होता. मी म्हटलं, साहेब, नळ अजून वाहतोय बघा, इतके दिवस झाले. त्यांनी हात लांब करून संगणकाच्या बाजूचं कसलंसं बटण फिरवलं, आणि काय योग, त्याच क्षणी नळ बंद झाला. आम्ही दोघेच होतो, कोणी बंद केला देव जाणे.

मग साहेबांचा सूरच बदलला. एकेक संगणक उघडायची गरज नाही म्हणाले. चूक बसवणाऱ्याची, असं ते मंडळाला कळवतील. सतराचा हुकूम मागे घेतील. नवा माणूस आणून सगळं परत बसवतील. "आणि तुमचं काम महिनाअखेर संपलं, असं समजा."

इतके चिडलेले साहेब इतक्या पटकन कसे काय नरमले? मी तर अजून निम्मंही बोललो नव्हतो.

घरी सांगितलं. कायमचं काम गेलं, तेही. वहिनींनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग नळाचं सांगितलं तर एकदम हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसल्या. दादा कमरेला हात लावून विव्हळत हसत होता. "अरे पंडिता, तुझं कसं व्हायचं रे!" मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिलो. माझी नोकरी गेली, यात हसण्यासारखं काय होतं?

सोमवार, ३०

शेवटचा दिवस. नवा माणूस उद्या येणार, परत शिकण्याचे दिवस सुरू होणार.

दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनींनी मला बघून फोनवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आता लावू का हो, भावोजी?"

"सरका," मी म्हटलं. त्यांच्या संगणकावर मी स्वतः धबधबा लावला. आवाज बंद केला, खिडकी लहान करून कोपऱ्यात सरकवली आणि रोज सकाळी आपोआप सुरू होईल अशी सोय करून दिली. या कंपनीत मी केलेलं एवढं एकच काम माझ्यामागे नीट चालेल.

वहिनी पुन्हा फोनवर. पलीकडे कोणी म्हातारं माणूस असावं, त्या मोठ्याने आणि सावकाश बोलत होत्या. "नाही आजोबा, चुकलं नाही तुमचं काही. सांगा तुम्ही, मी ऐकतेय."

खाली येऊन चाव्या दिल्या. देण्याआधी नकाशा एकदा उघडून बघितला. तीन, सतरा. हिरवागार. खाली सॉफ्टवेअरने आपणहून नोंद केली होती, की या पॉइंटवर आज प्रथमच काम सुरू झालेलं दिसतं.

ती नोंद मी पुसली नाही. गुळगुळीतला मात्र सांगून आलो, साहेबांच्या खोलीतला नळ परत वाहतोय, कोणाला तरी पाठवा. "हो हो, होऊन जाईल," म्हणाला.